डावा कान

७ जुलै, सोमवार

काल एकादशी झाली. आज पारणं करून सोसायटीत, म्हणजे आमच्या पतसंस्थेत, कामाला गेले. सकाळी उठले तेव्हापासून डावा कान गच्च आहे, पोहून आल्यावर पाणी अडकावं तसा. चार दिवस पाऊस लागून राहिलाय, सर्दीनं दडे बसले असतील म्हणून सोडून दिलं.

अकराच्या सुमाराला काउंटरवरचा फोन वाजला. उजव्या हातानं लिहीत असते म्हणून रिसीव्हर नेहमी डाव्या कानाला लावते. पलीकडून काहीच नाही. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा वाजल्यावर पेन टाकून उजव्या कानाला लावला, तर माणूस चांगला मोठ्यानं बोलत होता, "मॅडम, मघापासून हॅलो हॅलो करायलोय की!"

फोन नीट होता. पोटात गोळा आला.

८ जुलै, मंगळवार

जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, "थोडा मळ आहे, सर्दीही आहे" म्हणाले आणि पाच दिवसांचे थेंब दिले. बरं वाटलं. कुणी "साधं आहे" म्हटलं की माणूस किती पटकन विश्वास ठेवतो.

रात्री नवाच आवाज सुरू झाला. जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो तसा. उठून सगळे दिवे बंद केले. आवाज तसाच. डावा कान उशीत खुपसला तरी तसाच. तो माझ्या आतच होता.

११ जुलै, शुक्रवार

आज सगळं सविस्तर लिहून ठेवते, पुन्हा लिहिण्याची हिंमत होईल न होईल.

निपाणीची मावसबहीण नर्स आहे. दुपारी सहज तिच्याशी बोलताना कानाचं सांगितलं. ती म्हणाली, "तोंड मिटून 'हूंऽऽ' कर. आवाज कुठल्या बाजूला वाटतोय?" मी केलं. सगळा उजवीकडे. ती क्षणभर गप्प झाली. मळ किंवा सर्दी असती तर बंद कानातच तो मोठा वाटला असता, म्हणाली. चांगल्या कानाकडे गेला म्हणजे दुखणं आतलं, नसेचं असू शकतं. "घरच्या घरी एवढंच कळतं, पण थेंब घालत बसू नको. आजच्या आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा."

यांनी दुकान नोकरावर सोपवून मला गाडीवर घातलं. डॉक्टरांनी स्टीलचा दोन पायांचा काटा वाजवून कपाळावर टेकवला. पुन्हा उजवीकडे. मग एका बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी बोट सारखं चालू होतं. डाव्याच्या वेळी मी काचेतून तपासणी करणाऱ्या मुलीच्या हाताकडे बघत बसले. ती काहीतरी फिरवत होती, म्हणजे आवाज जात असणार, आणि माझं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं.

कागदावर उजव्या कानाचे लाल गोल वर एका रांगेत. डाव्याच्या निळ्या फुल्या पायऱ्या उतरल्यासारख्या खाली गेलेल्या, शेवटच्या ७० डेसिबलच्याही खाली. फुली जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. २५ पर्यंत ठीक समजतात.

तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांत ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं गेलं, तर त्याला अचानक आलेलं नसेचं बहिरेपण म्हणतात. बहुतेक वेळा एकाच कानाला होतं. विषाणू असेल, आतल्या कानाला रक्त नेणारी एकुलती एक बारीक धमनी अडली असेल, शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली असेल. दहातल्या नऊ जणांत नक्की कारण हाती लागतच नाही. हे मला दोनदा विचारून घ्यावं लागलं, कारण संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायकांनी कारणं सांगून झाली होती. ओल्या केसांनी झोपलीस, एकादशीला काही न खाता राबलीस, मोबाइल फार. मी काही केलेलं नाही. हे वाक्य मी इथं मुद्दाम लिहून ठेवतेय.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी खाऊन ६० मिलिग्रॅम. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्या तर उपयोग होण्याची शक्यता जास्त, जितक्या लवकर तितकं बरं. थेंबांत गेलेल्या चार दिवसांबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. माझ्या मनातून ते चार दिवस जात नाहीत.

१४ जुलै, सोमवार

गोळ्यांनी झोप उडालीय. तीन वाजता उठून भूक लागते, भाकरी खाते. साखर तपासायला सांगितलीय. काल एमआरआय झाला. ऐकण्याच्या नसेवर एखादी साधी गाठ नाही ना, एवढं बघायला. नाही. त्या नळकांड्यातला ठोक ठोक आवाज एकाच बाजूनं येत होता.

एक कान गेला म्हणजे निम्मं ऐकू येतं असं मला वाटायचं. तसं नाही. ऐकू बरंच येतं, पण कुठून ते कळत नाही. दोन कानांत आवाज पोचायला जो पापणी लवण्याहूनही लहान फरक पडतो, त्यावरून डोकं दिशा ठरवतं. तो फरकच गेला. कुकरची शिट्टी आपली की शेजारची कळत नाही. मोबाइल वाजतो आणि मी तीन खोल्या फिरते. आज इथं बेळगावात गोवावेसला रस्ता ओलांडताना हॉर्न आला. मी उजवीकडे बघितलं आणि रिक्षा डावीकडून पदराला घासून गेली. आता रस्ता ओलांडताना थांबते आणि दोन्हीकडे मान वळवून बघते. लोक ढकलून पुढं जातात. जाऊ देत.

पाऊससुद्धा कौलांवर सगळीकडे पडत नाही आता. एका बाजूलाच पडतो.

१६ जुलै, बुधवार

कामावर रुजू झाले. नको होतं व्हायला.

आमच्या सोसायटीत निम्मे लोक मराठी बोलतात, निम्मे कन्नड, आणि बरेचसे एकाच वाक्यात दोन्ही. मी जन्मल्यापासून बेळगावच्या शहापुरात, कन्नड कधी शिकले ते आठवतही नाही. आज कळलं की ती मला किती कान देऊन ऐकावी लागत होती. मराठीतलं अर्धं वाक्य पडलं तरी उरलेलं मन भरून काढतं. कन्नडचं सगळं वाक्य लागतं. आणि आकडे! मराठीत सात, साठ, आठ हे तिन्ही मला एकच. कन्नडमध्ये एंबत्तू म्हणजे ऐंशी, ओंबत्तू म्हणजे नऊ, तोंबत्तू म्हणजे नव्वद. पिग्मीचे, लोकांच्या रोजच्या बचतीचे, पैसे मोजणाऱ्या बाईला हे एकसारखे ऐकू यायला लागले तर तिनं करायचं काय?

दुपारी एक वयस्क गृहस्थ आले, काष्ट्याचं धोतर, हातात पासबुक. काचेपलीकडून बोलले, पंखा चालू, बाहेर पाऊस. मी "काय?" म्हटलं. ते पुन्हा बोलले. मी पुन्हा "काय म्हणालात?" तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा लाल झाला. "कन्नडा बरंगिल्लेन?" कन्नड येत नाही का? हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. मागच्या रांगेतली माणसं गप्प झाली. या गावात त्या प्रश्नाला कसला वास असतो ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. पाट्यांवरून, बसवरच्या बोर्डावरून, अर्जांवरून सगळ्यांनीच काही ना काही सोसलंय. त्यांना वाटलं मी मुद्दाम करतेय. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

मी उभी राहिले, कानावर हात ठेवला आणि म्हटलं, "किवी केळसंगिल्ल री." कान ऐकत नाही हो. असं मोठ्यानं, परक्या माणसासमोर मी पहिल्यांदा म्हटलं. घरच्यांनाही इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

ते क्षणभर बघत राहिले. मग पासबुक उलटं करून मागच्या कोऱ्या पानावर आकडा लिहिला, काचेखालून सरकवला आणि बोटानं दाखवला. ९०००. जाताना काचेला उजव्या बाजूनं तोंड लावून काहीतरी म्हणाले. अर्धं कळलं. पण चेहरा पूर्ण कळला.

घरी येऊन न्हाणीघरात रडले. पाणी सोडून.

२० जुलै, रविवार

आप्पांबद्दल, माझ्या वडिलांबद्दल, लिहायचं राहूनच जातंय.

आप्पा वडगावात ३४ वर्षं पॉवरलूमवर होते. ऐकणं तिथंच गेलं, माझ्यासारखं एका रात्रीत नाही. मागांच्या त्या खडखडाटात रोज आठ-दहा तास, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या जेमतेम १५ हजार केसपेशी असतात. मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी उंच आवाज टिपणाऱ्या जातात. म्हणून आप्पांना पहिल्यांदा पाखरं गेली, मग नातवंडांचे आवाज, मग "स", "त", "फ". आम्हाला वाटायचं, आप्पांचं लक्ष नसतं. "किती वेळा सांगायचं आप्पा!" हे मी किती वेळा म्हटलंय. आणि त्याहून वाईट, जेवताना सगळे हसले आणि त्यांनी "काय झालं?" विचारलं की आम्ही म्हणायचो, "काही नाही, सोडा."

काल माझा मुलगा काहीतरी सांगत होता. मी "काय रे?" विचारलं. तो म्हणाला, "काही नाही गं आई, सोड."

त्याचा दोष नाही. त्यानं ते माझ्याकडूनच ऐकलंय. पण त्या "सोड"मध्ये काय असतं ते मला आता कळतं. आज त्याला बसवून सांगितलं, बाकी काही नको करूस, फक्त पुन्हा सांग. कितीही फालतू असलं तरी.

घरात सगळ्यात आधी आप्पाच बदलले. कुणी काही न सांगता. मला हाक मारायची असेल तर ते आता वळसा घालून माझ्या उजव्या अंगाला येतात, खांद्याला बोट लावतात, मी बघितलं की मगच बोलतात. मागाच्या शेडमध्ये कुणी ओरडून बोलतच नसे म्हणे. ओठ बघायचे आणि हात. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा, सगळ्याला खुणा. आज त्यांनी मला पाच-सहा करून दाखवल्या. त्यांची बोटं वातानं वाकलीत, पण धागा तुटल्याची खूण, दोन चिमटीत धरून टचकन सोडल्याची, इतकी चपळ केली की त्या वेळचे आप्पा दिसले.

जेवायला ते कायम कोपऱ्यातल्या पाटावर बसतात, भिंतीला पाठ लावून. हट्टी म्हणून आम्ही चिडवायचो. आज म्हणाले, "पाठीमागनं कोण बोललं तर कळत नाही गं. भिंत असली की मागं कोण नसतंय." पंधरा वर्षं मी त्यांना त्याच पाटावर वाढलंय.

२४ जुलै, गुरुवार

गोळ्यांनी फारसं हललं नाही म्हणून पडद्यातून इंजेक्शन दिलं. उजव्या कुशीवर झोपवून आधी पडदा बधिर केला, मग औषध थेट मधल्या कानात. गार लागलं आणि खोली अर्धी फिरली. नंतर अर्धा तास तसंच पडायचं. बोलायचं नाही, आवंढासुद्धा गिळायचा नाही, नाहीतर औषध घशात उतरतं. आवंढा गिळू नका म्हटल्यावर सतत आवंढा येतो. छताच्या फळ्या मोजल्या, १९.

अजून दोन व्हायची आहेत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तिसऱ्या इंजेक्शननंतरचा कागद आला. डाव्या कानाच्या फुल्या वर सरकल्यात. खालच्या पट्टीत ४० पर्यंत, वरच्या पट्टीत अजून ६५. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं येईल, कदाचित इथंच थांबेल. काहींचं पूर्ण येतं, काहींचं काहीच येत नाही. माझं मध्येच कुठंतरी.

आलं ते वेगळंच आलं. संध्याकाळी कपिलेश्वराला गेले होते. घंटा वाजवली आणि दोन घंटा ऐकू आल्या. उजव्या कानात एक सूर, डाव्यात त्याच्यापेक्षा जरासा चढा, पत्र्यासारखा. रेडिओवर कुमार गंधर्व लागले होते, आमच्या इथल्या सुळेभावीत जन्मलेले. लहानपणापासून आप्पांच्या रेडिओवर त्यांना ऐकत आलेय. दोन मिनिटांत बंद करावं लागलं. सूर सुराला चिकटतच नव्हता. कान गेल्याचं जे दुःख होतं, त्याहून हे जास्त लागलं, कारण हे कुणाला सांगितलं तर म्हणतात, "आता ऐकू येतंय ना?"

चोक मात्र मंद झालाय. पाऊस पडत असला की हरवतोही. डॉक्टरांनी समजावलं, कानाकडून येणं कमी झालं की मेंदूच आपला आवाज मोठा करून बघतो. तेव्हापासून त्या आवाजाचा राग कमी झालाय. शोधतोय बिचारा.

११ ऑगस्ट, सोमवार

आप्पांचं श्रवणयंत्र सहा वर्षं कपाटात डबीत होतं. "भांड्यांचाच आवाज मोठा येतोय त्यात" म्हणून काढून ठेवलेलं. मीच म्हणायचे, एवढे पैसे घालून वापरत नाहीत. आज त्यांना घेऊन गेले. त्यांचा कागद नव्यानं काढला, यंत्र पुन्हा लावून घेतलं. डावीकडे माझंही एक लावून बघितलं. दुकानातली मुलगी दोघांना एकदम "कसं वाटतंय?" म्हणाली आणि आम्ही दोघं एकाच वेळी "काय?" म्हणालो. आप्पा हसले. किती दिवसांनी.

येताना सोसायटीत थांबले. चेअरमनना म्हटलं, मला दोन नंबरच्या काउंटरवरून चारला बसवा. चारच्या डावीकडे भिंत आहे, गिऱ्हाईक सगळं उजवीकडून येतं. आणि काचेजवळ कागद-पेन्सिल ठेवायचीय, आकडा लिहून द्यायला. पाटी दोन्ही भाषांत लिहीन म्हटलं. ते म्हणाले, लिहा. कन्नड ओळ मी लिहिली, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एक काना दुरुस्त केला.

उद्या लवकर जाऊन दोन नंबरचा ड्रॉवर रिकामा करायचाय.