तुम्ही विचारलंत म्हणून: लिंबाच्या बागेला औषध का मारत नाही?

होटगी रस्त्यानं जाणारा-येणारा हमखास थांबतो. "ताई, पानं बघा की, सगळी मुरडलीत. नागअळी आहे. औषध का मारत नाही?" दिसतंय मला. त्या चंदेरी नागमोडी रेघा मी रोज बघते.

पतंग एवढासा, पंख पसरूनही जेमतेम अर्धा सेंटिमीटर. रुपेरी, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. तो कोवळ्या पानावर अंडी घालतो आणि अळी पापुद्र्याखाली शिरून आतूनच खात जाते. जून पानांना शिवत नाही, म्हणून मोठं झाड सोसतं. रोपांची सगळीच फूट कोवळी. त्यांच्यावर मी निंबोळी अर्क मारतेच, तेवढं तरी लक्षात घ्या.

मोठ्या झाडांचं कारण वेगळं आहे. हस्त बहराचे, म्हणजे पावसाळा सरतानाच्या फुलोऱ्याचे दिवस, फूट आणि फुलं एकदमच आलेली. भर सकाळी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पंप पाठीवर घेतला. मी म्हटलं, "मामा, माश्या आहेत फुलांवर, निदान संध्याकाळी मारा." ते म्हणाले, "ही बाग तुझ्या बापानं लावलेली नाही." पुढं मी बोलले नाही. दुपारी झाडाच्या आळ्यात मधमाश्यांचा खच. काही मेलेल्या, जीभ बाहेर आलेली. काही उलट्या पडून पाय झाडत, जागच्या जागी गरगरत. मी एक पान तोडून नखानं पापुद्रा सोलला. आत पिवळसर अळी वळवळत होती. जिवंत.

मामांना दोष देऊ नका. अळीनं पोखरलेल्या जागेतून खैऱ्या, म्हणजे पानाफळांवर डाग पाडणारा रोग, शिरतो, आणि डागी लिंबाला अडतीत भाव मिळत नाही. त्यांनी ते भोगलं होतं. ते गेल्यावर मी ठरवून टाकलं, कधीच मारायचं नाही. या अळीवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या असतात, त्या बघून घेतील, असं मी छातीठोक सांगायचे. असतात त्या, खरंच असतात. पण पावसाळी फुटीला पुरत नाहीत, हेही मीच बघितलंय.

यंदा विहिरीकडच्या झाडांवर खैऱ्या वाढलाय. फांद्या छाटून जाळल्या. दीर म्हणतात, "वहिनी, मारून टाका." फुलं गळेपर्यंत थांबावं तर पानं जून होतात, अळीचं खाऊन झालेलं असतं. आत्ता मारावं तर फुलांवर माश्या आहेत. संध्याकाळी मारलं तरी सकाळी त्या त्याच फुलांवर येणार. याला तोड असेल तर थांबून सांगा, मी ऐकेन. नुसतं "का मारत नाही" विचारून गाडी चालू करू नका.