सर, मोह आणि आमची नववी

स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. म्हटलं शाळेबद्दल लिहू, गॅदरिंगबद्दल लिहू, सगळ्याच शिक्षकांबद्दल थोडं थोडं लिहू. पण लिहायला बसलो की सरच येतात समोर. कोणते सर हे 1988 च्या दहावीच्या बॅचला सांगायची गरज नाही, नवेगावबांधच्या जंगलाला लागून झोपडीत राहणारे एकच सर होते आपल्याला. बाकी गुरुजनांनी राग मानू नये.

तेव्हा आपला भंडारा जिल्हा, गोंदिया वेगळा झाला 1999 ला. सरांना गावात चांगली खोली मिळत होती पण नाही, राहायचे तिकडेच. कुडाच्या भिंती, वर कवेलू, आत एक खाट, कंदील आणि पावसाच्या नोंदींची वही. लाइनचा खांब जवळ आला तरी मीटर घेतलं नाही, म्हणायचे लाइट लावला की रात्री बाहेर कोण बोलून राहिलं ते ऐकू येत नाही. जेवण म्हणजे भात आणि लाखोरीची डाळ, कोणी तलावातले झिंगे आणून दिले तर सण. गावात लोक त्यांना कंजूस म्हणायचे. आपल्यातल्या कितीजणांची फी कोण भरत होतं ते मला नोकरी लागल्यावर क्लर्ककाकांनी सांगितलं.

नववीतली गोष्ट. मार्च संपत आला होता, मोह पडत होता आणि मी शाळेत जात नव्हतो, कारण घरी मोहफुलाचे पैसे म्हणजे सालभराचं मीठ-मिरची-कपडा. मोह पहाटे पडतो, उशिरा गेलं की गाईढोरं खाऊन जातात. एक दिवस अंधारातच कोणीतरी मोठ्यामोठ्याने खोकत येताना ऐकू आलं, पाहतो तर सर, हातात खराटा. खोकत यायचे ते अस्वलासाठी, मोहाखाली अस्वल असतंच आणि त्याला अचानक माणूस दिसला की सरळ अंगावर येतं. मला वाटलं आता पडते थोबाडीत. सर आईला म्हणाले, "बाई, पाला जाळू नका, मी झाडून देतो." कारण फुलं दिसावी म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग पुढे जंगलात जाते, आजही जाते. त्यांनी खरंच अख्खं झाड झाडलं, मग उकिडवे बसून माझ्यासोबत टोपली भरू लागले आणि वेचता वेचता माझ्याकडून अपूर्णांक म्हणवून घेतले. टोपली भरली तसं म्हणाले, "मोह दरसाल पडेल बाबू, नववी दरसाल नाही करायची." आणि सायकलवर डबलसीट बसवून सकाळच्या शाळेत. परीक्षा होईपर्यंत रोज हेच. बोटं चिकट व्हायची, वहीला वास यायचा, पोरं हसायची, सरांच्याही हाताला तोच वास म्हणून कोणी जास्त बोलायचं नाही.

आज मी नागपूरला बँकेत चीफ मॅनेजर आहे, मुलगी यंदा एमबीबीएसला लागली, वर्ध्याला घर बांधलं. हे फुशारकी म्हणून नाही सांगत, सरांच्या खात्यात जमा करतो आहे.

मध्ये गावी येऊन गेलो. छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, तर कधीच गेली, आपली कवेलूची शाळा जाऊन स्लॅब आला, वर्गात पंखे आले, चांगलंच आहे. 2013 ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचाही अभिमान वाटतो. पण धानाच्या बांधीतले सारस आता मोजकेच उरलेत, आणि झाडांतला ऐन कोणता नि बिजा कोणता हे विचारलं तर पोरं मोबाईल काढतात. 18 जून 2025 ला जंगलावर लिहिणारे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली गेले तेव्हा टीव्हीवर दिवसभर बातम्या होत्या, बरं वाटलं, नवेगावचं नाव त्यांनीच तर महाराष्ट्रभर केलं. आपले सर गेले तेव्हा पेपरात चार ओळी पण नाही आल्या. ही माझी तक्रार आहे आणि ती स्मरणिकेत छापावी.

अजून एक. सरांच्या पावसाच्या वह्या त्यांच्या पुतण्याकडे ट्रंकेत पडून आहेत. कोणत्या नक्षत्रात किती पाऊस, तलावावर बदकं कधी उतरली, पहिला मोह कधी पडला, सगळं आहे त्यात. पुतण्या द्यायला तयार आहे, मी बोललो. 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्यात पोरांना वाचून दाखवता येईल. काचेच्या कपाटाचे पैसे मी देतो, संस्थेने फक्त ठराव करून लायब्ररीत जागा द्यावी. येत्या मीटिंगला हा विषय घ्या.