पेंचच्या अंधारात हॉर्सहेड

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणाऱ्या उद्यानाचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. हॉर्सहेडचा, म्हणजे मृग नक्षत्रातल्या घोड्याच्या डोक्यासारख्या काळ्या तेजोमेघाचा फोटो तिथूनच काढायचा, असं तेव्हाच ठरवलं होतं. जानेवारीच्या अमावास्येला जमलं. नागपूरहून जबलपूर महामार्गाने मनसर ओलांडून पेंचच्या सिल्लारी गेटपाशी.

वाघाचं रान आहे, रात्री मनाला येईल तिथे माउंट (ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड) मांडता येत नाही. मुक्कामाच्या आवारातूनच काम करायचं. म्हणून खोली ठरवतानाच उत्तर मोकळी आहे का, ते विचारा. इथे ध्रुवतारा जेमतेम साडेएकवीस अंशांवर. सागाची एक रांग आडवी आली की पोलर अलाइनमेंटची, म्हणजे माउंटचा आस ध्रुवाकडे रोखण्याची पंचाईत. आम्हाला तो पार्किंगच्या कोपऱ्यातून मिळाला, तेही आवारातले दिवे मालवायला लावल्यावर.

मृगाच्या बाणातला पूर्वेचा तारा अल्निटाक. घोडा त्याच्या दक्षिणेला जवळपास अर्ध्या अंशावर. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून तो दिसत नाही, त्या नादी लागू नका. खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांनाही तो हार्वर्ड वेधशाळेच्या १८८८ च्या फोटोच्या काचेवरच सापडला होता.

घोडा म्हणजे नुसती धूळ. दिसतो तो मागच्या आयसी ४३४ या तेजोमेघातल्या लाल हायड्रोजनमुळे, तेव्हा टिपायचा आहे तो हा लाल उजेड. तो ६५६ नॅनोमीटरचा, आणि साध्या डीएसएलआरमधला फिल्टर त्यातला बहुतेक अडवतो. तो फिल्टर काढून मॉडिफाय केलेला कॅमेरा उसना मिळाला तर जरूर घ्या. माझ्या मते मोठ्या दुर्बिणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. ४८० मिलिमीटर फोकल लेंग्थवर घोडा जेमतेम दोनशे पिक्सेलांचा येतो, पण शेजारचा फ्लेम तेजोमेघही चौकटीत मावतो. अल्निटाक काठावर येऊ देऊ नका, भलतेच झोत उमटतात.

तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम, एकूण निदान तीन तास. एकच फ्रेम बघून हिरमुसू नका, सगळ्या फ्रेम एकावर एक रचून स्टॅक केल्यावरच घोड्याची मान सुटी दिसते.

जानेवारीच्या मध्याला मृग सव्वादहाच्या सुमारास मध्यमंडलावर येतो, म्हणजे मेरिडियन फ्लिपही (दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवणं) तेव्हाच. केबल अडकतात, माणूस जवळ हवा. जेवण आधी उरका. मध्यरात्रीनंतर दव पडतं. भिंगाला ड्यू हीटरचा पट्टा लावा आणि त्याला वेगळी बॅटरी द्या. तीनच्या आसपास मृग झाडांत शिरतो, मग दुर्बिणीला झाकण घालून डार्क फ्रेम (कॅमेऱ्याचे दोष वजा करायला घेतलेल्या काळ्या फ्रेम) लावून आडवं व्हायचं.

दुसऱ्या दिवशीची सकाळची सफारी मात्र ठेवू नका. आमच्या जिप्सीतल्या बाकीच्यांना वाघ दिसला म्हणे.