तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, तो उपग्रह गेला का वर?"

सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, ठाणे-वाशी लोकलमध्ये विचारतात, परवा तर नौपाड्यात एका मुंजीच्या पंगतीत विचारलं. "मॅडम, तुमच्या मुलांचा तो उपग्रह गेला का वर?"

नाही गेला. नवी मुंबईतल्या ज्या कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तिथल्या लॅबच्या कपाटात खालून दुसऱ्या कप्प्यात तो आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग इतकी वर्षं काय केलंत?" लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत याचं उत्तर होत नाही, म्हणून इथे.

आमचा होता क्यूबसॅट, दहा सेंटिमीटरचा ठोकळा. हे माप 1999 साली अमेरिकेतल्या कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी ठरवलं, मुलांच्या हातून शिकता शिकता पुरं होईल असं काहीतरी हवं म्हणून. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' याच मापाचा, जेमतेम किलोभराचा. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून गेला. त्याची दिशा सांभाळायला आत चुंबक बसवले होते. होकायंत्राचा काटा वळतो तसा तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे वळायचा, विजेचा एक कण न खाता. मला तर त्याचा हेवाच वाटतो.

आमचा सांगाडा रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. मिस्त्रींनी व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "शंभर पॉइंट तीन. चालतंय ना मॅडम, उन्नीस-बीस?" नाही चालत. 100 मिलिमीटरला मुभा 0.1 ची. रॉकेटवर ज्या पेटीतून स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते, तिच्यात अडकला तर वर जाऊन टपली मारणारं कोणी नाही. मिस्त्री वैतागले. तिसरा सांगाडा मात्र मापात आला. बिघडलेल्या दोघांचे पैसे घेतले नाहीत. त्यातला एक त्यांच्या टेबलावर पेनं ठेवायला आहे, अजून.

खरी गंमत अँटेनाची. ती असते शिंप्याच्या नाही, सुताराच्या टेपची, स्टीलची पट्टी. दुमडून नायलॉनच्या धाग्याने बांधायची. उपग्रह सुटल्यावर 30 मिनिटं ती उघडायची नाही, 45 मिनिटं रेडिओ बोलू द्यायचा नाही, सोबत सुटलेल्या शेजारच्या उपग्रहांना त्रास नको म्हणून. मग एक छोटा रेझिस्टर तापतो, धागा वितळतो, पट्टी टपकन सरळ होते. लॅबमध्ये दरवेळी पाच-सहा सेकंदांत व्हायची. पण वर दीड तासाच्या एका फेरीत पस्तीसेक मिनिटं सावलीत जातात आणि बॅटरी गारठते. थंडीत तपासायला चेंबर कुठून आणणार? माझ्या घरचा फ्रीजर. मटाराच्या पिशवीशेजारी, प्लास्टिकच्या डब्यात. सासूबाईंनी झाकण उघडून विचारलं, "हे काय विरजायला ठेवलंयस?"

तीन तासांनी कळ दाबली. धागा तुटेना. थंड बॅटरीचा व्होल्टेज बसला, रेझिस्टर कोमटच राहिला. वर गेला असता तर पट्टी बांधलेली, आवाज बंद, आणि कारण आम्हाला कधीच कळलं नसतं. ती संध्याकाळ आठवली की मला तो न गेल्याचं दुःख फारसं होत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं होतं.

उपाय मिळेतो ती मुलं पास झाली. ज्याने कोड लिहिला तो बंगळुरूला. कोडमध्ये एका ओळीवर नुसतं 'हिला हात लावू नका' एवढंच. का नाही लावायचा, हे शोधायला पुढच्या बॅचला एक अख्खं सत्र लागलं. आयआयटी मुंबईच्या मुलांचा उपग्रह 'प्रथम' 2007 ला सुरू झाला आणि 26 सप्टेंबर 2016 ला उडाला. नऊ वर्षं! सुरू करणारे केव्हाच नोकरीला लागलेले. एवढ्या हातांतून काम न सांडता पुढे गेलं, याचं मला त्या दहा किलोंच्या उपग्रहापेक्षा जास्त कौतुक आहे. आमच्याकडे तिसऱ्या बॅचला ते सांडलं. रॉकेटचे हादरे सोसेल का ते बघायच्या कंपन-चाचणीचे पैसेही तेव्हाच आटले.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या चार मुलींनी कपाट उघडलंय. बॅटरीला चिकटवायचा हीटर आणलाय आणि आधी वही घातलीय, कोणी काय बदललं ते लिहायला. शनिवारी घरी येणार आहेत. आमरसाचे डबे मी खालच्या कप्प्यात हलवलेत. सासूबाईंना अजून सांगायचंय.