शिमॉन गोल्डबर्ग: पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक

वाद्यवृंदात कॉन्सर्टमास्टरचं, म्हणजे पहिल्या खुर्चीवर बसून व्हायोलिनवादकांचं नेतृत्व करणाऱ्याचं, काम तालमीच्या आधीच, पेन्सिलीनं सुरू होतं. पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवर (त्या गटाच्या स्वरलेखनाच्या प्रतीवर) डाऊन-बो (गज खाली ओढणं) कुठे आणि अप-बो (गज वर ढकलणं) कुठे, हे तो स्वतः वाजवून पाहतो आणि खुणा करतो. मोठ्या वाद्यवृंदात पहिले व्हायोलिनवादक सोळा असतात, दोघांत एक स्टँड. म्हणजे त्या खुणा आठ पार्टांवर उतरतात. चुकीची खूण लगेच ऐकू येते. गज हातात धरतो त्या टोकाला वजन जास्त, पुढच्या टोकाला कमी. सूर चढत जाऊन जिथे जोर हवा तिथे गज नेमका पुढच्या टोकाला पोचला, तर सोळाजण मिळूनही आवाज पातळच येतो.

१९२५ मध्ये ड्रेस्डेन फिलहार्मोनिकनं ही खुर्ची एका सोळा वर्षांच्या मुलाला दिली. शिमॉन गोल्डबर्ग १९०९ मध्ये पोलंडमधल्या व्वोत्स्वावेक गावी ज्यू कुटुंबात जन्मले. वॉर्सात सुरुवातीचं शिक्षण झालं आणि लहान वयातच ते बर्लिनला व्हायोलिनचे शिक्षक कार्ल फ्लेश यांच्याकडे गेले. फ्लेश यांच्या हाताखालून विसाव्या शतकातले कितीतरी मोठे एकलवादक बाहेर पडले. गोल्डबर्गही एकलवादक म्हणून कमी नव्हते, पण त्यांची खरी ओळख या खुर्चीनं घडवली असं मला ठामपणे वाटतं.

ड्रेस्डेननंतर विशीतच ते बर्लिन फिलहार्मोनिकचे कॉन्सर्टमास्टर झाले. समोर वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) विल्हेल्म फुर्टवेंग्लर. त्यांची छडी थरथरत खाली यायची आणि नेमका ठोका कुठे पडला ते कळायचं नाही, हे त्यांच्या वादकांनीच सांगून ठेवलंय. अशा वेळी पहिल्या खुर्चीची कसोटी लागते. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात घ्या. पहिल्या मात्रेच्या सुरुवातीला अर्ध्या मात्रेची विश्रांती (शांतता) आहे आणि तिच्यानंतर तीन आखूड स्वर येतात. विश्रांतीला आवाज नसतो, म्हणून सगळे कॉन्सर्टमास्टरच्या श्वासाकडे आणि गजाकडे बघतात. श्वास तुकड्याच्या लयीतच घ्यावा लागतो. तो आखूड झाला की सगळे धावतात, लांबला की तीन स्वर तीन तुकड्यांत फुटतात. शिवाय आवाजाला दहा मीटर कापायला साधारण ०.०३ सेकंद लागतात. मागच्या स्टँडवरचा माणूस कानावर विसंबला तर तो कायम मागेच राहणार. त्यानं पुढचा गज डोळ्यांनी पकडायचा असतो.

याच काळात पॉल हिंडेमिट (व्हिओला) आणि इमानुएल फॉयरमान (चेलो) यांच्याबरोबर त्यांचं त्रिकूट होतं. आधीचे व्हायोलिनवादक योझेफ वोल्फ्सथाल १९३१ मध्ये वारले, त्या जागी गोल्डबर्ग आले. मग नाझी सत्ता आली आणि १९३४ मध्ये त्यांना बर्लिनची खुर्ची सोडावी लागली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ज्या वयात बाकीचे ऑडिशन देत असतात, त्या वयात युरोपातली दोन मोठी पदं त्यांच्या मागे पडली होती.

पुढे पियानिस्ट लिली क्राउस यांच्याबरोबर ते जगभर फिरले. १९४२ मध्ये दौऱ्यावर असताना दोघंही जावामध्ये जपान्यांच्या तावडीत सापडले आणि १९४५ पर्यंत कैदेत राहिले.

१९५५ मध्ये नेदरलँड्स चेंबर ऑर्केस्ट्रा उभा राहिला आणि पुढे सुमारे दोन दशकं त्याची धुरा गोल्डबर्ग यांच्याकडे होती. व्हायोलिन वाजवत वाद्यवृंद चालवायचा म्हणजे दोन्ही हात अडकलेले. इशारा द्यायला उरतं काय? व्हायोलिनचं वरचं टोक, खांदा आणि श्वास. एकलवादनाचा अवघड भाग आला की हा इशारा आपोआप बारीक होतो, आणि नेमकं तिथेच व्हिओला-चेलो सुटतात. उपाय तालमीतच करावा लागतो: अशा जागी प्रत्येक विभागाचा प्रमुख कोणाकडे बघणार हे आधी ठरवायचं आणि साथीदारांना एकल पार्टही पाठ करायला लावायचा.

मात्र त्यांच्या वादनातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा गुण मोत्झार्टच्या व्हायोलिन-पियानोच्या सोनाटांमध्ये दिसतो. या रचनांत पियानोकडे मुख्य चाल असताना व्हायोलिनला कित्येकदा नुसती साथ असते. तिथे रुंद व्हायब्रेटो (स्वराला दिलेला कंप) लावला की पियानोची चाल झाकली जाते. गोल्डबर्ग अशा जागी गजाचा वेग उतरवतात आणि व्हायब्रेटो जवळजवळ थांबवतात. सोळाजणांत स्वतःचा आवाज वेगळा निघू न देण्याची सवय असलेला कान तो.

१९७४ च्या सुमारास, पासष्टीच्या आसपास, त्यांनी तरुण पियानिस्ट राडू लुपू यांच्याबरोबर या सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतली ई मायनरची, के. ३०४ (मोत्झार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), आधी ऐका. पहिल्या भागात दोघं एकच चाल सप्तकाच्या अंतरानं एकत्र सुरू करतात. दुसऱ्या भागात पियानो एकटाच चाल मांडतो. व्हायोलिन गप्प. मग तीच चाल गोल्डबर्ग उचलतात, लुपूंनी जिथे सोडली त्याच उंचीवरून, आवाज तसूभरही न वाढवता.