नवी माउंटिंग, जुनी थरथर

गारगोटीकडच्या एका गिऱ्हाइकाची डिझेल हॅचबॅक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये आली, ती इंजिन बॉडीला धरून ठेवणारी तिन्ही रबरी माउंटिंग नवी घेऊनच. 2011 सालची गाडी, चार सिलिंडर, इंजिन आडवं. मॉडेल लिहीत नाही, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांत मांडणी थोड्याफार फरकानं हीच असते. दुसऱ्या एका गॅरेजात रबरं बदलून महिनाही झाला नव्हता. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंग, आरसा, डॅशबोर्ड सगळं नाचायचं. मालक म्हणाले, "मिस्त्री, आधीपेक्षा जास्त हलतीया. आता ते इंजेक्टर काढूया म्हणत्यात."

इंजेक्टरला हात लावायच्या आधी एक प्रश्न सोडवायचा असतो. इंजिनच वाईट चालतंय, की चांगल्या इंजिनाची थरथर बॉडीत उतरतेय? इंजिन सारखं चालावं म्हणून कॉम्प्युटर प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल कमी-जास्त करतो, ते करेक्शन. स्कॅनरवर चारही इंजेक्टरच्या करेक्शनचे आकडे शून्याच्या आसपास होते आणि आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, मिनिटाला 850 फेऱ्यांवर स्थिर. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरवर हात ठेवला तर इंजिन शांत, आणि तोच हात फेंडरवर ठेवला तर बोटं झिणझिणायला लागली. म्हणजे इंजेक्टरचा काही संबंध नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं तिथं, पाईप सैल करून मिसिंग (कुठला सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधायची जुनी खोड काही मिस्त्रींना अजून आहे. आयडललाही त्या रेलमध्ये शेकडो बारचा दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. हा प्रकार कुणीही करू नये.

मग इंजिन हलवून बघितलं. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला. आत बसलेल्यानं फूटब्रेक दाबून धरायचा आणि पहिल्या गियरात क्लच चावण्यापुरता सोडायचा, नंतर तेच रिव्हर्समध्ये. बघणाऱ्यानं बाजूला थांबायचं, गाडीच्या पुढं कधीही नाही. माउंटिंग गेलेलं असेल तर इंजिन उसळतं आणि 'ठप्प' असा आवाज येतो. इथं उलटंच झालं. इंजिन जेमतेम हललं आणि परत जागेवर येताना अडखळलं. फाटलेलं रबर सगळे शोधतात. नको तिथं अडकून बसलेलं इंजिन फार थोडे शोधतात. माउंटिंगचं काम इंजिनाला आवळून धरायचं नाही, त्याला ठरलेल्या मापात हलू द्यायचं आहे.

अशा गाडीत दोन माउंटिंग वजन पेलतात, एक टायमिंगच्या (बेल्ट किंवा चेनच्या) बाजूला, दुसरं गियरबॉक्सवर बॅटरी ट्रेच्या खाली. तिसरा खालचा टॉर्क रॉड. तो वजन घेत नाही, फक्त इंजिनाला पुढं-मागं लोळू देत नाही. टायमिंग बाजूच्या माउंटिंगमध्ये मधला गाभा बाहेरच्या कड्याच्या मध्यभागी असायला हवा. इथं पुढच्या बाजूला 3 मिलिमीटर जागा होती आणि मागच्या बाजूला 11. रबर नवं, पण पिळलेलं. नव्या रबराच्या कडेला चीरही पडायला लागली होती.

हे कसं होतं ते सांगतो, कारण हे काम घाईत बिघडतं. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावतात. फळी नसेल तर चेंबर चेपतो, आणि आतला तेल ओढणारा सक्शनचा पाईप चेंबरच्या तळाला चिकटला तर तेल न मिळून इंजिनच जातं. वजन सुटेल इतकंच उचलायचं; बोल्ट बोटांनी फिरायला लागला की थांबायचं. एका वेळी एकच माउंटिंग काढायचं. नवं बसवताना सगळे बोल्ट हातानं चार-पाच आटे धरवायचे, पाना लावायचा नाही. तिन्ही बसली की जॅक काढून घ्यायचा, इंजिन दोन्ही हातांनी हलवायचं, दोन मिनिटं आयडलला चालवायचं. इंजिन आपली जागा स्वतः शोधतं. मग बंद करून आधी वजन पेलणारी दोन आणि शेवटी टॉर्क रॉड, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळायचा. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर इम्पॅक्ट गन चालवली की आटे गेलेच समजा. या गाडीत सगळं जॅकवर असतानाच गच्च केलेलं होतं, त्यामुळं जॅक काढल्यावर इंजिनाचं वजन रबराला पिळत बसलं.

बोल्ट सैल करून, इंजिन बसवून पुन्हा आवळले. गाभा मध्यावर आला. थरथर कमी झाली, पण गेली नाही. खरं दुखणं अजून खालीच होतं.

गाडी पिटावर घेतली. कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) पुढं साइलेंसरच्या पाइपात जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा असतो. त्याच्या जागी कुणीतरी सहा इंची सरळ पाईप वेल्ड केला होता. इंजिन लोळतं तेव्हा एक्झॉस्टचं तोंडही त्याच्याबरोबर पुढं-मागं जातं, ती हालचाल जाळी खाते. जाळीच नाही म्हटल्यावर तो पाईप इंजिनाची प्रत्येक धडक थेट साइलेंसरच्या हँगरमधून फ्लोअरला देणार. शिवाय वेल्डिंग झालं तेव्हा इंजिन खाली बसलेलं होतं. नव्या माउंटिंगनं ते वर उचललं गेलं आणि पाईप क्रॉसमेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या लोखंडी पट्टीला, टेकला. तिथं घासून लोखंड चकचकीत झालं होतं. खात्री करायला फ्लँजचे नट सैल करून हँगरची रबरं सोडली आणि गाडी क्षणभर चालू केली. आवाज कानठळ्या बसवणारा, पण स्टेअरिंग शांत.

नवा फ्लेक्सिबल टाकताना तो ताणलेला किंवा पिळलेला राहता कामा नये, म्हणून माउंटिंग आवळून झाल्यावरच, इंजिन आपल्या जागेवर असताना टाके मारले. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच पाइपावर लावला, नाहीतर इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा अल्टरनेटर उडू शकतो.

टॉर्क रॉडचं बुश, म्हणजे त्याच्या टोकाचं रबर, महिन्यातच चिकट झालेलं दिसलं. पावसाळ्यात गंज लागू नये म्हणून आपल्याकडं वॉशिंगला गाडी लावली की खालून डिझेल नाहीतर काळं ऑइल मारून घेतात. पत्र्याचं ठीक आहे, पण माउंटिंगचं रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. मारायचंच असेल तर तिन्ही माउंटिंग, सस्पेन्शनची बुशं आणि एक्सलचे बूट सोडून मारायला सांगा. मालकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि वॉशिंगवाला तर सांगणारच नाही.

"मग रबरं बदलायलाच नको होती का?" असं त्यांनी विचारलं. जुनी रबरं त्या गॅरेजातच राहिली, त्यामुळं ती फाटली होती की दबली होती हे हातात घेऊन सांगता येत नव्हतं. पण सरळ पाइपाचा वेल्ड पूर्ण गंजून पापुद्रे सुटले होते. माउंटिंगच्या कामापेक्षा तो नक्कीच जुना, निदान एक पावसाळा आधीचा. म्हणजे माउंटिंग तेव्हाच गेली होती, म्हणूनच जाळी तुटली. ज्यानं पाईप जोडला त्याला फक्त आवाज बंद करायचा होता. जाळी का तुटली हे बघायला त्याला गाडीखालून बाहेरही यावं लागलं नसतं. टॉर्क रॉडचं बुश त्याच्या वेल्डिंगच्या टोकापासून वीतभर अंतरावर होतं.