कॉलेजचं गाव मे महिन्यात पाहावं

दारव्हा तालुक्यातलं आमचं खेडं सोडायचं, यावर घरात फारशी खळखळ झाली नाही. जायचं कुठं, यावर मात्र बराच काळ घोळ चालला. आमचे हे बियाणे कंपनीत फील्डवर आहेत. यवतमाळ, वर्धा, अमरावती असे तीन जिल्हे त्यांच्याकडे, हेडक्वार्टर तिन्हींपैकी कुठंही चालतं. मी बॉटनीत एम.एस्सी., सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेली, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या सेटवाल्यांसारखी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही वर्ष संपल्यावर कधीतरी. अनुदानित कायम जागेसाठी काय काय विचारतात, ते ज्यांनी मुलाखती दिल्यात त्यांना सांगायला नको. घरात चौथीतून पाचवीत जाणारी मुलगी, पहिलीला बसणारा मुलगा आणि शुगर-बीपी दोन्ही सांभाळणाऱ्या सासूबाई.

कॉलेजचं गाव बघायचं, हे माझं टुमणं. एक तर जिथं चार कॉलेजं, तिथं माझ्या तासांची सोय. दुसरं कारण मोठं. आमच्याकडे पोरगं दहावी झालं की आई त्याच्यासोबत नागपूरला नाहीतर लातूरला खोली करून राहते, नीटचा क्लास लावते, आणि बाप गावात सोयाबीन सांभाळत हातानं पोळ्या लाटतो. दोन-दोन, तीन-तीन वर्षं घर असं दुभंगलेलं मी भावकीत पाहिलंय. ते आपल्याला नको होतं. मुलं ग्रॅज्युएट होईपर्यंत एका छपराखाली राहतील असं गाव पाहिजे होतं.

सीएचबीची ऑर्डर सत्र संपलं की संपते, त्यामुळे फिरायला मला उन्हाळाच मोकळा. पहिल्यांदा याची चिडचिड झाली, पण नंतर लक्षात आलं की याहून चांगला महिना नाही. ऑगस्टमध्ये कुठलंही कॉलेजचं गाव गोजिरवाणंच दिसतं. हिरवळ, पोरापोरींची गर्दी, चहाच्या टपऱ्या, नवीन ॲडमिशनचे फ्लेक्स. मे महिन्यात होस्टेलं रिकामी होतात, मेसवाले गावी जातात, पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते कळतं. तेव्हा जे उरतं ते खरं गाव. आपल्याला वर्षाचे बारा महिने राहायचंय, सत्रापुरतं नाही.

यवतमाळ सगळ्यात जवळचं, ओळखीचं, सरकारी मेडिकल कॉलेज असलेलं. पण 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं कोरडी पडली, तेव्हा माझी नणंद तिथंच राहत होती. टँकरची वाट बघत रात्री अंगणात बसायची. बेंबळा धरणाचं पाणी शहरात आणण्याचं काम तेव्हाच चालू होतं. तिनं एकदा तिचे पाण्याचे ड्रम मोजून दाखवले आणि यवतमाळ माझ्या मनातून उतरलं. हे थोडं अन्यायाचं असेल, पण नणंदेचे ड्रम मी विसरू शकत नाही.

अमरावतीबद्दल काय लिहायचं? शिक्षणाच्या बाबतीत विदर्भात नागपूरनंतर तीच. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्याच्याही आधीचं, 1914 चं, आणि 1983 पासून विद्यापीठ. पण ती आता शहर झाली आहे, भाडीही शहरासारखी. खेड्यातून एकदम तिथं जायची आमची तयारी नव्हती.

पुसद मला मनापासून आवडलं. चहूकडे डोंगर, पूस नदी, फुलसिंग नाईक महाविद्यालय, 1983 पासून इंजिनिअरिंग कॉलेज. वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री दिलेलं गाव, त्यामुळे जिल्ह्याचं ठिकाण नसूनही त्याचा तोरा तसाच. पण रेल्वे नाही. यांचं वर्ध्याचं काम म्हणजे पहाटे निघून रात्री परत, आणि सासूबाईंना मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर पुन्हा यवतमाळ नाहीतर नांदेड. सोडून दिलं.

सासूबाईंचं म्हणणं एकच. "शेगावले काहून नाही राहत बाप्पा? इंजिनिअरिंग कॉलेज हाय तं तिथं. महाराज पाहून घेतीन." कॉलेज आहेच, चांगलं नाव असलेलं, आणि तिथली स्वच्छता बघून कुणाचाही जीव लागतो. त्यांना घेऊन मुद्दाम गुरुवारी गेलो. स्टेशनापासून मंदिरापर्यंतची गर्दी बघून त्या स्वतःच म्हणाल्या, "दर्शनाले बरं हाय, राहाले नाही." शिवाय तो भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी खारं. आणि बुलढाणा जिल्हा यांच्या कामात बसतच नव्हता, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. देवाच्या गावाला आपण कशाला नाही म्हणायचं?

राहिलं वर्धा. वर्धा म्हटलं की लोकांना आश्रम आठवतो. मला आठवतो सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्याचा ओपीडीचा हॉल. 1969 मध्ये तिथं मेडिकल कॉलेज निघालं, खेड्यात काढलेलं देशातलं पहिलं. भर मे महिन्यात सासूबाईंचं कार्ड काढून आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी यवतमाळची मंडळी, चंद्रपूरची, एक कुटुंब तर आदिलाबादकडचं, तेलुगूत बोलणारं. समोरून जाणारे शिकाऊ डॉक्टर खादीत. तिथं खादी घालावीच लागते. इस्त्री मोडलेले, पाठीवर घामानं चिकटलेले ते कुर्ते बघून सासूबाई म्हणाल्या, "हे पोट्टे आपल्या घरच्यासारखेच दिसतेत." एका पोरानं खाली बसून त्यांच्या पायाची बोटं एकेक करून तपासली, शुगरमुळे बधिर झालीत का ते बघायला. गावातल्या दवाखान्यात आजवर त्यांना कुणी चप्पल काढायला सांगितली नव्हती. परतताना त्यांचं शेगाव बरंच मागं पडलं होतं.

खरी परीक्षा घर शोधताना झाली. कॉलेजच्या गावात कॉलेजच्या जवळ फॅमिलीला घर मिळत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. सावंगी मेघेला मेडिकल कॉलेजच्या आसपास आम्ही घरं पाहत फिरलो. प्रत्येक फाटकावर पहिला प्रश्न, "स्टुडंट का फॅमिली?" फॅमिली म्हटलं की चेहरा पडायचा. हिशोब सरळ आहे. दोन खोल्यांत चार मुलं ठेवली तर प्रत्येकाचं वेगळं भाडं, वर मेसचा डबा, आणि कोर्स संपला की ती आपणहून जातात. एक काका तर तोंडावर म्हणाले, "फॅमिली एकदा शिरली की निघत नाही." बांधकामही तसंच. ओळीनं खोल्या, टोकाला सामाईक संडास, स्वयंपाकाच्या ओट्याला जागाच नाही. कूलर लावायला खिडकी नसलेल्या खोलीत वर्ध्याचा मे महिना काढायचा म्हणजे काय, हे ज्यांनी काढलाय त्यांनाच विचारा.

म्हणून कॉलेजपासून दूर सरकत सरकत पिपरी मेघेला आलो. वर्ध्याभोवती ही मेघे मंडळी बरीच आहेत: सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे. कागदावर ग्रामपंचायती, दिसायला शहर. तिथं तळमजल्याचं घर मिळालं. घरमालकीणबाईंनी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं: सबमीटर वेगळा, टाकी रात्री भरून ठेवायची, कूलरला विहिरीचं पाणी वापरायचं, नळाचं नाही. "आधीच सांगतो बाई, मंग चिडचिड नको," म्हणाल्या. मला असा माणूस आवडतो.

मुलांच्या शाळेवरून घरात थोडं वाजलं. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा सेवाग्रामला आनंद निकेतन पाहायला गेलो. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून निघालेली नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची गांधीजींची पद्धत, मध्यंतरी इथं बरीच वर्षं बंद पडली होती, 2005 पासून ही शाळा पुन्हा सुरू झाली. मराठी माध्यम, आणि शेती, स्वयंपाक, सूतकताई हे सगळं अभ्यासातच. एक पोरगी वाफ्यात बसून दोन रोपांमधलं अंतर पट्टीनं मोजत होती आणि वहीत मांडत होती. बॉटनी शिकवणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? यांचं म्हणणं, उद्या नीटला बसायचं तर काय, सूत कातणार का? दोघांचंही काही चुकत नव्हतं. शेवटी मुलगा तिकडे पहिलीला आणि मुलगी वर्ध्यात सेमी इंग्रजीला, असं ठरलं. सकाळी दोन दिशांना दोन गाड्या निघतात, डबे दोन वेळांना लागतात. काही दिवस हे जड गेलं, आता बसलंय.

माझे तास दोन कॉलेजांत मिळून होतात. पगार तसाच, कधीतरी येणारा. पण नागपूर रेल्वेनं सव्वा तासाच्या आसपास, त्यामुळे पीएच.डी.चं घोडं पुढं सरकलंय. संध्याकाळी कधी पवनारला जातो. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे, पोरं पायऱ्यांवर खेळतात, पैसे लागत नाहीत. हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकडीवर फिरायलाही हरकत नाही, सूर्य खाली गेल्यावर. आणि जिल्ह्यात दारूबंदी आहे. याचा अर्थ दारू मिळत नाही असा कुणी घेऊ नये, पण रस्त्यावर बारची पाटी नाही, एवढं मुलीच्या आईला पुरतं.

सासूबाईंनी शेगावची गाडी शोधून काढलीय. महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याला थांबते आणि शेगावलाही.

आता यांच्या डोक्यात प्लॉटचं खूळ आहे. पिपरीच्या पुढे लेआऊट पडलंय, एजंट रोज फोन करतो आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतो. नमुना 8 म्हणजे कर आकारणीचा उतारा, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. त्याला म्हटलं, एनएची म्हणजे बिगरशेती परवानगीची ऑर्डर आण, मंजूर नकाशा आण, चालू सातबारा आण. शिवाय जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया त्या हिशोबानं खोल घ्यावा लागतो. तो खर्च एजंटच्या भावात नसतो. एनएची ऑर्डर अजून आलेली नाही. फोन मात्र येतात.